जैत रे जैत (चित्रपटगीते)

‘जैत रे जैत’ हा इ.स. १९७७ सालचा मराठी चित्रपट. सह्याद्रीतील ठाकर या आदिवासी समाजाच्या जीवनावरील या चित्रपटाची गीते कवी ना. धों. महानोर यांनी लिहिली असून त्यांना हृदयनाथ मंगेशकर यांनी संगीत दिले आहे. आशा भोसले व लता मंगेशकर यांनी गायिलेली यातील गीते चित्रपटगृहातून चित्रपट उतरल्यानंतरही ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी, ध्वनिफिती आणि रंगमंचीय कार्यक्रम यांतून ऐकली जात राहिली. चित्रपट न पाहिलेल्या श्रोत्यांनाही ती परिचित आहेत. ही गीते ठाकरांची पारंपरिक लोकगीते आहेत असा समज पुष्कळदा आढळतो. तो बरोबर नाही. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील एका शेतकरी कवीने लिहिलेल्या या स्वतंत्र रचना आहेत.

मुख्य माहिती

चित्रपट: जैत रे जैत (१९७७)
दिग्दर्शन: जब्बार पटेल
निर्मिती: उषा मंगेशकर
मूळ कादंबरी: ‘जैत रे जैत’, गो. नी. दांडेकर
गीते: ना. धों. महानोर
संगीत: हृदयनाथ मंगेशकर
प्रमुख स्त्रीस्वर: आशा भोसले, लता मंगेशकर
प्रमुख पुरुषस्वर: रवींद्र साठे, चंद्रकांत काळे
प्रमुख भूमिका: स्मिता पाटील, मोहन आगाशे, निळू फुले, सुलभा देशपांडे

पार्श्वभूमी

दुर्गप्रेमी कादंबरीकार गोपाळ नीलकंठ दांडेकर (१९१६–१९९८) यांच्या ‘जैत रे जैत’ या कादंबरीवर चित्रपट आधारलेला आहे. रायगड जिल्ह्यातील कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा उभा सुळका, त्याच्या कड्यावर लागलेली आग्या मोहोळे आणि पायथ्याच्या ठाकरवाड्या हा या कथेचा परिसर आहे. कथेत या सुळक्याला लिंगोबाचा डोंगर म्हटले आहे. ‘जैत’ या शब्दाचा अर्थ विजय असा होतो.

दिग्दर्शक जब्बार पटेल यांचा ‘सामना’ (१९७५) हा राजकीय आशयाचा चित्रपट आधी गाजला होता. ‘जैत रे जैत’ची प्रकृती त्याहून अगदी निराळी आहे. येथे कथेचा मोठा भाग गीतांतून पुढे सरकतो. पटेल यांनीच दिग्दर्शित केलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या नाटकात गाणारा समूह कथेचा निवेदक होता. त्या नाटकातील मोहन आगाशे, रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे हे कलावंत या चित्रपटातही आहेत. आगाशे यांनी नाग्याची भूमिका केली, तर साठे व काळे यांचे स्वर गीतांना लाभले.

चित्रपटाला पंचविसाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला.

कथेतील गीतांचे स्थान

नाग्या हा भगताचा मुलगा असून ढोल वाजवण्यात निपुण आहे. आपण पुण्यवंत व्हावे आणि राणीमाशीचे दर्शन घ्यावे, अशी त्याला आस लागलेली असते. परंतु मधमाशीच्या दंशाने त्याचा एक डोळा जातो. निर्मळ वागूनही आपल्या वाट्याला हे का आले, या प्रश्नाने तो पेटून उठतो आणि डोंगरावरची मोहोळे उतरवण्याचा निश्चय करतो. नकोशा झालेल्या नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याच्या ढोलावर आणि त्याच्यावर जीव लावते, त्याच्या धाडसात सहभागी होते आणि अखेर माश्यांच्या हल्ल्यात प्राण गमावते. नाग्याला विजय मिळतो. मात्र तो चिंधीच्या मरणाने काळवंडलेला असतो.

स्त्रीस्वरातील गीते मुख्यतः चिंधीच्या मनोगताशी जोडलेली आहेत. पडद्यावर चिंधीची भूमिका स्मिता पाटील (१९५५–१९८६) यांनी केली आहे. चिंधी लाजरी नायिका नाही. ती आपला पुरुष स्वतः निवडते आणि निवडीचे ओझे स्वतः वाहते. गीतांचा सूर याच स्वभावातून आलेला आहे. ती संदर्भावाचून ऐकली तर प्रेमगीते वाटतात. कथेसह ऐकली तर त्यांत एका स्त्रीने घेतलेल्या निर्णयाची चाहूल लागते.

गीतकार

नामदेव धोंडो महानोर (१६ सप्टेंबर १९४२ – ३ ऑगस्ट २०२३) यांचा जन्म आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सोयगाव तालुक्यात पळसखेडे या गावी झाला. अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचे हे गाव मराठवाडा आणि खानदेश यांच्या सीमेवर आहे. जळगाव येथील महाविद्यालयीन शिक्षण सोडून महानोर शेतीकडे वळले आणि पुढील आयुष्यात शेती व कविता यांचा व्यवहार त्यांनी बरोबरीने केला. ‘रानातल्या कविता’ (१९६७) या पहिल्याच संग्रहाने मराठी निसर्गकवितेला निराळे वळण दिले. बालकवींच्या कवितेतील निसर्ग पाहणाऱ्याचा आहे; महानोरांच्या कवितेतील निसर्ग त्यात राबणाऱ्याचा आहे. ‘वही’ या त्यांच्या पुढील संग्रहाचे नावच एका लोकगीतप्रकारावरून आले आहे. आपल्या गावच्या लोकगीतांचे संकलनही त्यांनी ‘पळसखेडची गाणी’ या नावाने प्रसिद्ध केले.

‘जैत रे जैत’च्या वेळी महानोर कवी म्हणून प्रस्थापित होते, परंतु चित्रपटगीतकार म्हणून नवे होते. ठरावीक चित्रपटगीताचे संकेत त्यांच्या लेखणीला लागलेले नव्हते, ही गोष्ट या गीतांच्या पथ्यावर पडली. ध्रुवपद व कडवी यांचा साचा येथे आहे, पण त्यात भरलेली शब्दकळा थेट ‘रानातल्या कविता’च्या कुळातील आहे.

गीतांतील पाऊस समजून घेताना कवीच्या प्रदेशाकडेही पाहावे लागते. कर्नाळ्याचा परिसर कोकणच्या मुसळधार पावसाचा. पळसखेडे अवर्षणाची भीती जाणणाऱ्या मुलखातले. १९७२च्या भीषण दुष्काळाला तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती. कोरडवाहू शेतकऱ्याला पाऊस ही केवळ शोभा नसते, त्यावर त्याचे वर्ष अवलंबून असते. महानोरांनी पुढे जलसंधारणाचा ध्यास घेतला आणि ‘शेतीसाठी पाणी’ हे पुस्तक लिहिले. ‘नभ उतरू आलं’मध्ये भिजलेल्या देहाचा आणि भिजलेल्या रानाचा आनंद एकच होतो. त्यामागे पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचे मन आहे.

प्रमुख स्त्रीगीते

नभ उतरू आलं (आशा भोसले): आभाळ खाली उतरून आल्यासारखा पाऊस आणि त्यात भिजणारी प्रेयसी हा या गीताचा विषय आहे. लय संथ आहे. चरण आखूड असल्यामुळे प्रत्येक चरणानंतर श्वासाला जागा मिळते आणि गायिका त्या जागेचा अर्थासाठी उपयोग करते. प्रणयाचा उल्लेख उघड असूनही गीत कोठेही सवंग होत नाही. देहाच्या अनुभवासाठी कवीने वापरलेले सर्व शब्द पावसाचे, पानांचे आणि रानाचे आहेत, हे त्याचे कारण.

जांभुळपिकल्या झाडाखाली (आशा भोसले): ढोलाच्या नादाने मोहून गेलेल्या स्त्रीचे हे गीत आहे. ‘जांभुळपिकल्या’ हा समास महानोरांच्या शैलीचा नमुना म्हणता येईल. व्याकरणदृष्ट्या पिकते ते फळ. येथे सारे झाडच पिकले आहे. शीर्षकाची ओळ आठ-आठ मात्रांच्या दोन पावलांत चालते, त्यामुळे ढोलाचा ठेका तिच्यात आधीच दडलेला असतो. ‘नभ उतरू आलं’ गाणारा आवाजच येथे ठसठशीत आणि चपळ होतो.

मी रात टाकली (लता मंगेशकर, समूहस्वरासह): जुना संसार मागे टाकून नव्या आयुष्याकडे निघालेल्या स्त्रीचे हे उद्गार आहेत. साप कात टाकतो त्या प्रतिमेवर गीत उभे आहे. ‘रात’ आणि ‘कात’ या दोन अक्षरी यमकात अंधारातून सुटका आणि पुनर्जन्म हे दोन्ही अर्थ सामावले आहेत. ‘भिंगरभिवरी’, ‘बाजिंदी’ यांसारखे शब्द लता मंगेशकर यांच्या स्वरात ऐकणे हा त्यांच्या एरवीच्या सात्त्विक, संयत भावगीतांना सरावलेल्या श्रोत्यांसाठी वेगळा अनुभव होता. नवऱ्याचे घर सोडणाऱ्या स्त्रीला येथे पश्चात्ताप नाही आणि कवी तिच्याकडून तो मागतही नाही.

या गीतांखेरीज चित्रपटात ठाकरवाडी, डोंगर आणि लिंगोबा यांचे वर्णन करणारी, कथानिवेदन करणारी समूहगीते व लहान लहान पदे आहेत. त्यांत रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे यांचे स्वर प्रामुख्याने ऐकू येतात. खुल्या, काहीशा रांगड्या पुरुषस्वरांच्या शेजारी स्त्रीस्वरातील ही गीते अधिक उठून दिसतात.

संगीत

हृदयनाथ मंगेशकर (जन्म १९३७) हे उस्ताद अमीर खाँ यांचे शिष्य. अवघड वळणांच्या, गायकाची कसोटी पाहणाऱ्या चालींसाठी ते ओळखले जातात. शांता शेळके यांच्या शब्दांतील कोळीगीतांच्या निमित्ताने त्यांनी किनाऱ्यावरच्या लोकसंगीताचा बाज आधीच हाताळला होता. ‘जैत रे जैत’मध्ये त्यांनी डोंगरातला बाज घेतला. ढोलाचा घुमारा आणि समूहाचा प्रतिसाद यांनी गीतांना वाडीवरचे वातावरण मिळते; चालींची बांधणी मात्र शिकलेल्या संगीतकाराची आहे. ऐकताना ही गीते सोपी वाटतात, पण म्हणायला गेल्यावर त्यांतील स्वरांच्या उड्या आणि लयीतील अडवणूक ध्यानात येते. हौशी गायकांना ही गीते वारंवार खुणावतात आणि वारंवार चकवतात, त्याचे कारण हेच.

चाल आणि शब्द यांचे नाते हे या संगीताचे दुसरे वैशिष्ट्य. बोलीतील उच्चार चालीसाठी प्रमाणभाषेत ओढून आणलेले नाहीत. ‘आलं’, ‘वाजं’ अशी अनुस्वारान्त रूपे स्वरांच्या ठेहरावावर येतात, त्यामुळे चरणाचा शेवट आपोआप घुमतो.

भाषा

गीतांची भाषा ही ठाकर समाजाच्या बोलीची हुबेहूब नक्कल नाही. ‘ओला’ऐवजी ‘वला’, ‘जन्म’ऐवजी ‘जल्म’, ‘वाजते’ऐवजी ‘वाजं’ ही रूपे महाराष्ट्राच्या अनेक ग्रामीण भागांत ऐकू येतात आणि ती महानोरांच्या अजिंठा परिसरातील बोलीतही सहज बसतात. ‘गो’ हे संबोधन मात्र कोकणाकडचे आहे. ‘झिम्माड’सारख्या शब्दांचा अर्थ कोशात पाहण्याची गरज पडत नाही, त्यांच्या नादातूनच तो कळतो. अशा प्रकारे मराठवाडा, खानदेश आणि कोकण यांच्या सीमा ओलांडणारी एक काव्यभाषा येथे तयार झाली आहे. ती कोणत्याही एका गावाची नाही, आणि म्हणूनच ती अनेक गावांना आपली वाटते.

लोकगीत की स्वतंत्र रचना?

गीतांच्या यशाचा एक परिणाम असा झाला, की काही ठिकाणी ती ‘पारंपरिक’, ‘आदिवासी गीत’ किंवा ‘ठाकरी लोकगीत’ अशा शिक्क्यांनिशी सादर होऊ लागली. शाळांच्या स्नेहसंमेलनांतील समूहनृत्ये हे त्याचे नेहमीचे उदाहरण. असा उल्लेख दोन्ही बाजूंनी अन्यायकारक ठरतो. एकीकडे कवी आणि संगीतकार यांचे श्रेय पुसले जाते. दुसरीकडे ठाकर समाजाची स्वतःची गीते व नृत्ये झाकली जातात.

ठाकर समाजाच्या दोन प्रमुख शाखा म ठाकूर आणि क ठाकूर या नावांनी ओळखल्या जातात. रायगड, ठाणे, नाशिक, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांत त्यांची वस्ती आहे. त्यांचा कांबडनाच, लग्नातील व सणांतील गाणी आणि कथा यांची स्वतंत्र मौखिक परंपरा आहे. ल. ना. चापेकर यांनी ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’ (१९६०) या ग्रंथात या समाजाच्या चालीरीतींची तपशीलवार नोंद केली आहे. चित्रपटातील गीते ऐकून ठाकरांच्या संगीताची ओळख झाली असे मानणे म्हणजे ‘रानातल्या कविता’ वाचून पळसखेड्याच्या ओव्या कळल्या असे मानण्यासारखे आहे. दोहोंत नाते आहे, पण एकाची जागा दुसरे घेऊ शकत नाही. महानोरांनी आपल्या गावची लोकगीते ‘पळसखेडची गाणी’ या स्वतंत्र पुस्तकात ठेवली, यावरून त्यांना स्वतःला हा भेद किती स्पष्ट होता हे दिसते.

असा प्रश्न इतरत्रही उद्भवला आहे. अमेरिकेतील केंटकीचे गायक बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉईज’ या वाद्यवृंदाच्या नावावरून ओळखली जाणारी ‘ब्लूग्रास’ शैली जुन्या डोंगरी गाण्यांवर वाढली. मात्र ती विसाव्या शतकातील व्यावसायिक कलावंतांनी घडवलेली आहे. बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार अशी विजेवाचून वाजणारी तंतुवाद्ये हा तिचा कणा. टेनेसीच्या डोंगराळ भागात जन्मलेल्या डॉली पार्टन यांनी लोकप्रिय संगीतात मोठे नाव मिळवल्यानंतर १९९९ मध्ये ‘द ग्रास इज ब्लू’ हा गीतसंग्रह याच शैलीत गायिला आणि त्याला सर्वोत्कृष्ट ब्लूग्रास गीतसंग्रहाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पार्टन आपल्या बालपणीच्या डोंगराकडे परतल्या होत्या. ‘जैत रे जैत’मध्ये गायिकांचा त्या डोंगराशी जन्माचा संबंध नव्हता, मातीचा संबंध कवीचा होता, तोही दुसऱ्या डोंगराच्या मातीचा. तरीही दोन्ही ठिकाणी श्रोत्याला भावणारी गोष्ट सारखी आहे: नामवंत स्त्रीस्वर शहरी झगमगाट बाजूला ठेवून साध्या वाद्यांच्या साथीने डोंगरातली गोष्ट सांगतो.

लोकप्रियतेची कारणे

या गीतांना लाभलेले दीर्घ आयुष्य पुढील कारणांनी स्पष्ट होते.

पहिले कारण स्त्रीच्या मनोगताचे. मराठी भावगीतात प्रीती बहुधा सूचक शब्दांत, झाकून व्यक्त होत आली. लावणीत ती उघड आहे, पण तेथे समोर बैठकीतला पुरुष श्रोता गृहीत असतो. ‘जैत रे जैत’मधील स्त्री कोणाला रिझवण्यासाठी गात नाही. ती स्वतःशी, सखीशी किंवा रानाशी बोलते. भावगीताचा संकोच आणि लावणीचा आविर्भाव या दोन्हींपासून दूर असलेली ही जागा जात्यावरच्या ओवीच्या अधिक जवळची आहे. ओवीतही बाई आपले सुखदुःख पुरुषांच्या कानाआड, पण मोकळ्या मनाने सांगते.

दुसरे कारण शब्दांचे. चित्रपटाची गरज संपली तरी कविता म्हणून ही गीते वाचता येतात.

तिसरे कारण आवाजांचे. या गीतांत दोन बहिणींच्या गायकीतील फरक एकाच व्यक्तिरेखेच्या दोन अवस्था दाखवतो. आशा भोसले यांच्या स्वरात चिंधीचे गुंतणे आहे, लता मंगेशकर यांच्या स्वरात तिचे सुटणे. एकाच पात्राला दोन गायिकांचे स्वर देण्यात विसंगती जाणवू शकली असती. येथे तिचे सामर्थ्य झाले.

मर्यादा

चित्रपटाच्या गायन-लेखन-संगीतात ठाकर समाजातील कलावंतांचे स्थान ठळक नाही. जंगलातील कष्ट, जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न गीतांत क्वचितच येतो. रान मुख्यतः सौंदर्याच्या आणि प्रणयाच्या रूपात दिसते. आदिवासी साहित्याच्या चळवळीने पुढील काळात आपल्या जीवनाचे चित्रण आपणच करण्याचा आग्रह धरला. त्या दृष्टीने पाहता ही गीते आदिवासी स्त्रीविषयी सहानुभूतीने लिहिलेली आहेत, तिने लिहिलेली नाहीत, ही नोंद आवश्यक ठरते.

प्रभाव

महानोर आणि जब्बार पटेल यांचे सहकार्य ‘एक होता विदूषक’ (१९९२) आणि ‘मुक्ता’ (१९९४) या चित्रपटांत पुढे चालू राहिले. त्यांचे संगीत आनंद मोडक यांनी दिले. हृदयनाथ मंगेशकर यांच्यासमवेत महानोरांनी ‘सर्जा’ (१९८७) या चित्रपटासाठी गीते लिहिली. हृदयनाथांच्या ‘भावसरगम’ या रंगमंचीय कार्यक्रमामुळे त्यांच्या रचना नव्या पिढ्यांपर्यंत पोहोचत राहिल्या.

महानोर १९७८ मध्ये महाराष्ट्र विधान परिषदेचे सदस्य झाले. १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री आणि ‘पानझड’ या संग्रहासाठी २००० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठवाड्यातील कवितेला आणि तिच्या बोलीला महाराष्ट्रभर घरोघरी नेण्याचे मोठे काम मात्र या चित्रपटाच्या गीतांनी केले. पळसखेड्यातील शब्द कर्नाळ्याच्या डोंगरावर गायिले गेले आणि तेथून ते सर्व मराठी श्रोत्यांचे झाले. त्यांना ‘पारंपरिक’ म्हणण्याचा मोह होतो तो यामुळेच. गीत सादर करताना कवी, संगीतकार आणि गायिका यांची नावे घेणे, हेच त्याचे योग्य उत्तर होय.

हेही पाहा

ना. धों. महानोर
हृदयनाथ मंगेशकर
गो. नी. दांडेकर
ठाकर (जमात)
कर्नाळा किल्ला
स्मिता पाटील